हुकमाचा डॉक्टर



या व्याख्यानमालेत एखाद्या डॉक्टरविषयी बोलायचं, असा इथला रिवाज आहे. आजवर या मंचावरून ज्या डॉक्टरांची चरित्रं सांगितली गेली, ती बहुतेक हार घालण्याजोग्या माणसांची होती. संयोजकांनी विषयाची निवड माझ्यावर सोपवली, तेव्हा मी मुद्दाम असा माणूस निवडला की ज्याच्या तसबिरीपुढे हार घेऊन उभं राहिलं, तर हात थोडा अडखळावा.

त्याचं नाव डॉ. व्लादान जॉर्जेविच. देश सर्बिया, जन्म १८४४, मृत्यू १९३०. शल्यचिकित्सक, लष्करी वैद्यकसेवेचा प्रमुख, बेलग्रेडचा महापौर, मंत्री, अथेन्स आणि इस्तंबूलमधला राजदूत, पंतप्रधान, कादंबरीकार, मासिकाचा संपादक, इतिहासकार, आणि साठी उलटल्यावर सरकारी गुपितं फोडल्याबद्दल शिक्षा झालेला आरोपी. यादी म्हणतानाच धाप लागते. सर्ब लोकांनाही लागत असावी, कारण ते त्याला नुसतं 'डॉक्टर व्लादान' म्हणून मोकळे होतात.

आईबापांनी ठेवलेलं नाव व्लादान नव्हतंच. ते होतं हिपोक्रात. घराणं त्सिंत्सार, म्हणजे बाल्कनमधल्या व्यापारी, ग्रीक वळणाच्या समाजातलं. मुलगा शिकायला लागल्यावर जूरा दानिचिच या मोठ्या भाषापंडिताने ते परकं नाव काढून त्याला स्लाव नाव दिलं. त्या काळच्या सर्बियात नवं राष्ट्र घडवण्याची घाई इतकी होती, की विद्यार्थ्यांची नावंसुद्धा त्यातून सुटली नाहीत.

सर्बिया त्या वेळी म्हणजे डोंगर, ओकची रानं, डुकरांचे कळप आणि शेतकरी. मुख्य निर्यात डुकरांचीच, आणि ती ऑस्ट्रियाला. नावापुरतं सुलतानाचं मांडलिकत्व होतं आणि बेलग्रेडच्या किल्ल्यात १८६७ पर्यंत तुर्की शिबंदी बसलेली होती. गादीवर हक्क सांगणारी घराणी दोन, ओब्रेनोविच आणि काराजॉर्जेविच. त्यातलं एक वर आलं की दुसरं परागंदा, हा क्रम शतकभर चालला. आपल्या व्लादानचं काराजॉर्जेविच घराण्याशी आडनावाच्या शेपटापलीकडे काही नातं नाही. तो आयुष्यभर ओब्रेनोविचांचा माणूस राहिला.

वैद्यक शिकायचं तर देश सोडायला हवा. बेलग्रेडमध्ये वैद्यकीय विद्याशाखा उघडली ती थेट १९२० मध्ये. तोपर्यंत प्रत्येक सर्ब डॉक्टर हा व्हिएन्ना, पेस्ट, नाहीतर आणखी कुठला तरी परदेशी डॉक्टर. व्लादान व्हिएन्नाला गेला. पोटाच्या शस्त्रक्रियांसाठी पुढे जगप्रसिद्ध झालेला थिओडोर बिलरोट १८६७ मध्ये तिथे प्राध्यापक म्हणून आला होता. त्याच्या हाताखाली हा शिकला आणि १८६९ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला. त्याआधीच, १८६३ मध्ये, त्याची 'कोचिना क्राइना' ही ऐतिहासिक कादंबरी निघालेली होती. म्हणजे आधी लेखक, मग डॉक्टर. पुढल्या आयुष्यात त्याने कितीही टोप्या बदलल्या, तरी लेखणी कधी खाली ठेवली नाही, आणि त्याचं भलं नि बुरं दोन्ही त्या लेखणीतून झालं.

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांचं युद्ध पेटलं. हा तरुण सर्ब प्रशियाच्या सैन्यात स्वयंसेवक शल्यचिकित्सक म्हणून दाखल झाला. शल्यचिकित्सकाला रणांगण ही तेव्हाची सगळ्यात मोठी शाळा, हे बिलरोटचे विद्यार्थी जाणून होते. खुद्द बिलरोटही त्या युद्धातल्या जखमींवर उपचार करायला गेला होता. पण त्या युद्धातला सगळ्यात मोठा धडा चाकू-करवतीचा नव्हता. तो देवीच्या लशीचा होता. प्रशियाच्या सैनिकांना सक्तीने देवी टोचलेल्या होत्या. फ्रेंच सैन्यात तशी शिस्त नव्हती, आणि तिथे देवीने हजारोंनी माणसं मेली. एकाच हवेत, एकाच चिखलात लढणाऱ्या दोन फौजा, आणि फरक पडला तो कुणीतरी वरून काढलेल्या एका हुकमाने. हे डोळ्यांनी पाहिलेला पंचविशीतला डॉक्टर मायदेशी काय घेऊन आला असेल, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ नको.

पुढल्या दहा वर्षांत त्याने जे केलं, ते आजही सर्बियात कुणी नाकारत नाही. १८७२ मध्ये सर्ब वैद्यक परिषद स्थापन झाली, त्यात पुढाकार त्याचा. १८७४ मध्ये परिषदेचं नियतकालिक सुरू झालं. त्याचं नाव मराठीत 'सर्वांगीण वैद्यकाचा सर्ब संग्रह' असं काहीसं होईल, आणि ते अजून निघतं. १८७६ मध्ये सर्बियाची रेडक्रॉस स्थापन झाली, तीही त्याच्याच धडपडीतून, आणि त्याच वर्षी सर्बियाने जिनिव्हा करार स्वीकारला. देश अजून पुरता स्वतंत्र नाही, आणि युद्धातल्या जखमींच्या हक्कांच्या करारावर त्याची सही आहे. तुर्कांशी लढाई तोंडावर होती, तेव्हा हा नुसता सोपस्कार नव्हता.

त्या उन्हाळ्यात लढाई सुरू झाली. तुमच्यापैकी ज्यांनी 'अॅना कारेनिना' शेवटपर्यंत वाचली आहे, त्यांना हे युद्ध ओळखीचं आहे. ॲनाच्या मृत्यूनंतर व्रॉन्स्की आगगाडीत बसून जिथे मरायला निघतो, ते हे युद्ध. टॉलस्टॉयने या स्वयंसेवकांच्या उत्साहाकडे चांगलंच तिरकस पाहिलं आहे. आगगाडी जिथे संपते तिथून पुढे, बैलगाड्यांतून येणाऱ्या जखमींची व्यवस्था लावायची जबाबदारी ज्यांच्यावर होती, त्यांत आपला डॉक्टर व्लादान होता. १८७६ ते १८७८ या दोन युद्धांत त्याने जे पाहिलं आणि केलं, त्यावर पुढे 'सर्ब लष्करी वैद्यकसेवेचा इतिहास' हा चार खंडांचा ग्रंथ लिहिला. छोट्याशा देशाने एवढ्या मोठ्या आकाराने आपल्या इस्पितळांचा हिशेब मांडल्याची उदाहरणं त्या काळात फार नसतील.

आता मी जरा रेंगाळणार आहे, कारण या माणसाचं सगळ्यात मोठं काम एका रुक्ष कायद्यात आहे, आणि कायद्यांवर कुणी व्याख्यान देत नाही.

बर्लिनच्या तहाने १८७८ मध्ये सर्बिया स्वतंत्र झाला. लगेच १८७९ मध्ये व्लादानकडे गृहखात्यातला आरोग्यविभाग आला. त्याने आधी पैशाची सोय केली. 'राष्ट्रीय आरोग्य निधी' नावाचा स्वतंत्र निधी उभारला. करदात्यांकडून आरोग्यासाठी वेगळी वर्गणी घ्यायची, आणि ती इस्पितळांवर, डॉक्टरांच्या पगारांवर, साथींच्या बंदोबस्तावरच खर्च करायची. ज्यांनी सरकारी आरोग्यखात्यात नोकरी केली आहे, त्यांना या स्वतंत्रपणाची किंमत वेगळी सांगायला नको. तिजोरी एकच असली की बंदुका आधी घेतल्या जातात आणि इस्पितळाचं छप्पर पुढल्या वर्षीवर जातं. व्लादानने नव्या, कर्जबाजारी राज्यात आरोग्याची पिशवी वेगळी शिवून घेतली.

मग १८८१ चा कायदा आला, वैद्यकीय सेवेची रचना आणि लोकांच्या आरोग्याचं रक्षण यांविषयीचा. जिल्ह्याला डॉक्टर, त्याखालच्या तालुक्याला डॉक्टर, राजधानीत सल्लागार मंडळ. देवी टोचून घेण्याची सक्ती. साथीच्या रोगाची वर्दी देण्याची सक्ती. दाया, औषधविक्रेते, शाळा, खाणावळी, विहिरी, दफनभूमी या सगळ्यांवर सरकारी वैद्यकाची नजर. त्या काळच्या युरोपात इतका पुढारलेला कायदा फार थोड्या देशांत होता, असं वैद्यकाचे इतिहासकार म्हणतात. आणि लक्षात घ्या, जंतुशास्त्रज्ञ कॉखने कॉलऱ्याचा जंतू दाखवला तो १८८३-८४ मध्ये. हा कायदा त्याच्या आधीचा आहे. रोग नेमका कशाने पसरतो यावर अजून युरोपभर वाद चालू होते. व्लादानने वाद मिटायची वाट पाहिली नाही.

आता हीच गोष्ट सर्ब शेतकऱ्याच्या अंगणातून पाहू. बेलग्रेडचा माणूस येतो. त्याच्या अंगावर कोट, बोलण्यात व्हिएन्नाचा वास. तो सांगतो, पोराला टोचायचं, मेलेल्याला इथे पुरायचं नाही, विहीर बंद ठेवायची, आणि या सगळ्यासाठी वर्गणीही द्यायची. शेतकऱ्याला आजवर राज्याकडून काय मिळालं होतं? कर आणि शिपाई. १८८३ मध्ये तिमोक खोऱ्यात शेतकऱ्यांचं बंड झालं. त्याचं तात्कालिक कारण गावकऱ्यांच्या बंदुका काढून घेण्याचा हुकूम हे होतं, लशीचा त्याच्याशी संबंध नव्हता. पण बेलग्रेडहून येणाऱ्या कुठल्याही कागदाविषयी गावात काय भावना होती, ते त्या बंडाने दाखवलं. ओब्रेनोविच घराण्यातल्या राजा मिलानने ते बंड निर्दयपणे चिरडलं आणि रॅडिकल पक्षाच्या पुढाऱ्यांना देशद्रोही ठरवलं. त्या पक्षाचा नेता निकोला पाशिच सीमा ओलांडून पळाला. व्लादान राजाच्या बाजूला होता.

माझं म्हणणं असं आहे, की या माणसाचा समजावून सांगण्यावर विश्वास नव्हता. करवून घेण्यावर होता. देवीच्या लशीच्या बाबतीत हे बरोबर ठरलं, निदान आकड्यांच्या हिशेबात. सर्बियातल्या लेकरांचे प्राण वाचले ते शेतकऱ्यांचं मतपरिवर्तन झाल्यामुळे नव्हे, हुकूम निघाल्यामुळे. आपल्या कामात हुकमाने यश आलेला माणूस पुढे जिथे जाईल तिथे तेच हत्यार बरोबर नेतो. डॉक्टरांच्या बाबतीत हे जास्त होतं, कारण रोग्याने प्रश्न विचारावेत अशी त्यांच्या धंद्याची सवय निदान त्या काळी नव्हती. (आजही फार आहे असं नाही, पण इथे अर्धं सभागृह डॉक्टरांचं आहे, तेव्हा पुढे जातो.)

लेखक म्हणून त्याची मोठी कामगिरी मला त्याच्या कादंबऱ्यांपेक्षा 'ओताज्बिना' या मासिकात दिसते. ओताज्बिना म्हणजे मायभूमी. १८७५ मध्ये त्याने ते सुरू केलं, युद्धाने बंद पडलं, पुन्हा काढलं, पुन्हा बंद पडलं, पुन्हा काढलं, असं ते १८९२ पर्यंत चाललं. लाझा लाझारेविच या कथाकाराच्या कथा त्यात आल्या. हा लाझारेविचही डॉक्टर. सर्बियातल्या मुलांना तोंडपाठ असलेल्या बालकवितांचा कवी योवान योवानोविच, ज्याला सगळे 'झ्माय' म्हणतात, तोही डॉक्टर. एका पिढीत इतके डॉक्टर साहित्यात का आले याचं उत्तर सोपं आहे. परदेशी जाऊन, मोठ्या शहराच्या ग्रंथालयांत आणि नाटकगृहांत बसून परत येणारा वर्ग देशात होता तो मुख्यतः हाच. झ्मायने बायको आणि पोरं क्षयाने गमावली आणि त्या दुःखातून कविता लिहिली. लाझारेविचच्या कथांत गावातली माणसं जिवंत होतात. व्लादानच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत झेंडे फडकतात. त्याने मध्ययुगीन सर्ब सम्राट दुशानवरही मोठी कादंबरी लिहिली. इतिहासाच्या अभ्यासकाखेरीज ती आज कुणी हातात घेत असेल असं वाटत नाही.

१८८४-८५ मध्ये तो बेलग्रेडचा महापौर होता. नळ, गटारं, फरसबंदी, सगळं एकदम करायचं होतं, आणि शहराला एवढे कर द्यायचे नव्हते. बेलग्रेडला आधुनिक पाणीपुरवठा मिळाला १८९२ मध्ये, तेव्हा हा त्या खुर्चीत नव्हता. १८८५ च्या शेवटी राजा मिलानने बल्गेरियावर चढाई केली आणि स्लिव्हनित्साला सपाटून मार खाल्ला. त्या नामुष्कीच्या युद्धातली एकच गोष्ट सर्ब लोक अभिमानाने सांगतात. ऑस्ट्रियाहून बल्गेरियाच्या जखमींसाठी येणारी मदत सर्बियाने आपल्या प्रदेशातून, पिरोतच्या वाटेने, जाऊ दिली. शत्रूच्या जखमींसाठी वाट मोकळी करणारा हा देश नऊ वर्षांपूर्वीच रेडक्रॉसच्या परिवारात आला होता, आणि त्याच्या लष्करी वैद्यकसेवेची धुरा व्लादानकडे होती. त्या श्रेयातला वाटा त्याला द्यायलाच हवा.

नंतर काही काळ मंत्रिपद, मग अथेन्स, आणि १८९४ पासून इस्तंबूल. तिथलं काम किचकट होतं. मॅसिडोनिया आणि कोसोवो अजून तुर्की साम्राज्यात होते. तिथल्या ख्रिस्ती गावांवर सर्ब, बल्गेरियन आणि ग्रीक अशा तिघांचा डोळा. लढाई तलवारींची नव्हती. शाळा कुणाच्या भाषेत, पाद्री कुठल्या चर्चचा, बिशप कोण, यावरून ती चाले. व्लादानला सुलतानाचा दरबार आणि ग्रीक धर्मपीठ अशा दोन्ही दारांवर सर्ब शाळांसाठी, सर्ब बिशपसाठी खेटे घालावे लागत. या कामात त्याने मुत्सद्दीपणा शिकला, आणि आणखीही एक गोष्ट त्याच्या मनात पक्की बसली असावी. कोसोवोतल्या सर्ब गावांवर अल्बेनियन टोळ्यांचे हल्ले होत, त्यांच्या तक्रारी त्याच्या टेबलावर येत. त्या तक्रारी खोट्या नव्हत्या. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे याचं जे झालं ते भयंकर आहे.

१८९७ च्या ऑक्टोबरात तो पंतप्रधान झाला. गादीवर मिलानचा मुलगा अलेक्झांडर, एकविशीचा. मिलान आठ वर्षांपूर्वी गादी सोडून परदेशी गेला होता. तो आता परतला आणि लष्कराचा सरसेनापती झाला. म्हणजे राजा मुलगा, सैन्य बापाकडे, आणि कारभार डॉक्टरकडे. या काळाला विरोधकांनी त्याच्याच नावावरून 'व्लादानोव्श्तिना' असं हिणवणारं नाव दिलं. आपण व्लादानशाही म्हणू. सैन्याची नीट उभारणी झाली, खजिन्यात शिस्त आली, असं त्याचे चाहते सांगतात. वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधल्या, सभा बंद पडल्या, रॅडिकलांना कोपऱ्यात रेटलं, हे कुणालाच नाकारता येत नाही.

१८९९ च्या जुलैमध्ये बेलग्रेडच्या रस्त्यात मिलानवर गोळ्या झाडल्या गेल्या. मिलान बचावला. गोळ्या झाडणारा क्नेझेविच नावाचा बोस्नियन तरुण होता, त्याला देहदंड झाला. पण त्याच जाळ्यात सरकारने रॅडिकल पुढाऱ्यांनाही ओढलं. विशेष न्यायालय बसलं. पाशिचचा जीव धोक्यात होता. त्याला शिक्षा झाली, मग लगेच माफी मिळाली. कटाचा सबळ पुरावा रॅडिकलांविरुद्ध नव्हताच. साथ आली की जिल्ह्याच्या वाटा बंद करायच्या, संशयितांना वेगळं काढायचं, घरं झडतीला घ्यायची, ही सगळी कलमं या डॉक्टरला पाठ होती. मला त्या उन्हाळ्यातल्या सरकारी कारवाईत तीच दिसतात. फक्त या वेळी साथ म्हणजे विरोधी पक्ष होता.

आणि ज्या राजासाठी हे सगळं केलं, त्याने काय केलं? १९०० च्या उन्हाळ्यात मिलान मुलासाठी जर्मन राजकन्या पाहत ऑस्ट्रियात होता. पंतप्रधान पॅरिसचं जागतिक प्रदर्शन पाहायला गेला होता. दोघांच्या पाठीमागे अलेक्झांडरने जाहीर केलं, की मी द्रागा माशिनशी लग्न करतो आहे. द्रागा ही त्याच्या आईच्या, राणी नतालीच्या, सेवेत असलेली विधवा, वयाने त्याच्याहून दहाएक वर्षांनी मोठी. मिलानने सेनापतिपद सोडलं आणि पुन्हा सर्बियात पाऊल ठेवलं नाही. व्लादानने राजीनामा दिला. त्याच्या मंत्रिमंडळातला गृहमंत्री गेंचिच याने या लग्नाला उघड विरोध केला, त्याला पुढे तुरुंगात टाकलं गेलं. १९०३ च्या जूनमध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी राजवाड्यात घुसून राजाराणी दोघांना ठार केलं. त्या कटात नागरी बाजूने गेंचिच होता. ओब्रेनोविच घराणं संपलं, काराजॉर्जेविच आले, आणि रॅडिकल सत्तेवर बसले.

व्लादानने काय केलं? लिहिलं. 'एका राजघराण्याचा शेवट' हे जाडजूड पुस्तक १९०५-०६ मध्ये निघालं. राजवाड्यातली संभाषणं, मंत्रिमंडळाच्या बैठका, परराष्ट्र खात्याचे कागद, सगळं त्यात ओतलेलं. स्वतःची बाजू मांडायची घाई त्यात पानोपानी आहे. तरीही त्या काळाच्या अभ्यासकाला त्याच्याशिवाय पुढे जाता येत नाही. नव्या सरकारने त्याच्यावर सरकारी गुपितं उघड केल्याचा खटला भरला आणि त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली. ज्या पाशिचच्या पक्षाला त्याने सात वर्षांपूर्वी न्यायालयात उभं केलं, त्याच पक्षाच्या राज्यात. मला यात काव्यात्म न्याय वगैरे दिसत नाही. माजी पंतप्रधानाला पुस्तकासाठी तुरुंग दाखवणारं राज्य व्लादानशाहीहून फार वेगळं नव्हतं, एवढंच.

इथे थांबलो असतो तर तुम्हाला एक कर्तबगार, कठोर, थोडा अहंकारी माणूस भेटला असता आणि तुम्ही घरी गेला असता. पण १९१३ आहे.

१८९९ मध्ये पंतप्रधान असताना त्याच्या सरकारने एक पुस्तक छापलं होतं. कोसोवोत आणि आसपास सर्बांवर झालेल्या अल्बेनियन हल्ल्यांविषयी तुर्की सरकारशी झालेला पत्रव्यवहार. तारीख, गाव, घटना अशी कागदी मांडणी. त्यात अतिशयोक्ती असेल, पण ते पुस्तक म्हणजे तक्रारअर्ज आहे. त्यात आरोप कृत्यांवर आहे. तेरा वर्षांनी बाल्कन युद्धात सर्ब सैन्य अल्बेनियातून थेट समुद्राला, दुरेसला, जाऊन भिडलं. इकडे अल्बेनियन पुढाऱ्यांनी १९१२ च्या नोव्हेंबरात स्वातंत्र्य जाहीर केलं आणि लंडनला बड्या राष्ट्रांचे राजदूत त्यांच्या सीमा आखायला बसले. सर्बियाला बंदर हवं होतं. अल्बेनिया नावाचं राज्य झालं तर ते जाणार. तेव्हा सत्तरीकडे झुकलेल्या डॉक्टर व्लादानने 'अल्बेनियन आणि बडी राष्ट्रं' हे पुस्तक लिहिलं आणि ते लाइपझिगहून जर्मनमध्येही काढलं, युरोपला वाचता यावं म्हणून.

त्यात तो म्हणतो, की या लोकांना राष्ट्र म्हणता येत नाही. ते मागासलेले, रानटी, राज्य चालवायला नालायक. आणि मग येतं ते सगळ्यात कुप्रसिद्ध विधान, की अल्बेनियन लोकांत एकोणिसाव्या शतकापर्यंत शेपूट असलेली माणसं होती. हे लिहिणारा बिलरोटचा विद्यार्थी आहे. शवविच्छेदन केलेला, माकडहाड आणि माणसाचा पाठीचा कणा हातात धरून पाहिलेला माणूस. रानातल्या अडाणी माणसाने सांगितलेली कहाणी त्याने ऐकली असेल, छापली असेल, पण तिच्याखाली सही आहे ती डॉक्टरची, आणि जर्मन वाचकासाठी त्या सहीलाच किंमत होती.

काही सर्ब लेखक याला म्हातारपणाचा भ्रम म्हणतात. मला ते पटत नाही. लंडनच्या टेबलावर काय चाललं आहे, कुठल्या भाषेत लिहायला हवं, कुठल्या शहरात छापायला हवं, हे ज्याला इतकं नेमकं कळतं, त्याचं डोकं ठिकाणावर होतं. इस्तंबूलमधल्या तक्रारी खऱ्या होत्या, हे मी मघाशी म्हणालो. त्या खऱ्या असल्यामुळेच हे पुस्तक अधिक वाईट आहे. ज्याच्याकडे सांगण्यासारखी खरी गोष्ट आहे, त्याने शेपटाकडे वळावं, याचा अर्थ त्याला आता न्याय नको होता. एक संपूर्ण जमात चर्चेतून बाद करायची होती. आणि बाद करणं तर त्याला आधीपासूनच जमत आलेलं. पंतप्रधान असताना पाशिच, म्हातारपणी अल्बेनियन.

त्याला उत्तर दिलं गेलं ते सर्बियातूनच. दिमित्रिये तुत्सोविच नावाचा तरुण समाजवादी. तो युद्धात सैनिक म्हणून अल्बेनियात जाऊन आला होता, सर्ब सैन्याने तिथे काय केलं ते त्याने पाहिलं होतं. १९१४ मध्ये त्याने 'सर्बिया आणि अल्बेनिया' हे छोटं पुस्तक काढलं. अल्बेनियन लोक समाज म्हणून कसे राहतात, त्यांचं गणगोत, जमीन, गरिबी यांचं वर्णन करून त्याने आपल्याच सरकारच्या वसाहती महत्त्वाकांक्षेवर आणि असल्या द्वेषलेखनावर कोरडे ओढले. बेलग्रेडच्या सुशिक्षित वर्तुळात त्याला कोण नावं ठेवत नव्हतं? त्याच वर्षी नोव्हेंबरात, ऑस्ट्रियाशी लढताना, कोलुबाराच्या लढाईत तो मारला गेला. तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता.

त्या हिवाळ्यात सर्बियात प्रलापक ज्वर, म्हणजे टायफस, पसरला. ऑस्ट्रियन युद्धकैद्यांची गर्दी, उवा, थंडी, भरलेली इस्पितळं. लाखाहून अधिक माणसं मेली. साथीत मेलेल्या सर्ब डॉक्टरांची संख्याच शंभराहून जास्त होती, आणि देशात डॉक्टर होते तेच मुळी काही शे. जिल्ह्याजिल्ह्यांतले सरकारी डॉक्टर, लष्करी इस्पितळं, परदेशी पथकांचं स्वागत करणारी रेडक्रॉस, हे सगळं जाळं व्लादानने चाळीस वर्षांपूर्वी विणायला सुरुवात केली होती. ते फाटलं, पण अगदीच नसतं तर काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. १९१५ च्या वसंतात साथ ओसरली ती हुकमांमुळेच, हेही नोंदवायला हवं. प्रवासबंदी, सैन्याच्या रजा रद्द, कपडे उकळण्याची सक्ती. वाफेने कपडे निर्जंतुक करायला पिंपं वापरली गेली, आणि त्या जुगाडाला आजही वैद्यकात 'सर्बियन पिंप' म्हणतात.

उवांपासून गावं वाचवायची तर हुकूम लागतो. मग तो हुकूम शाळेच्या, छापखान्याच्या, शेजाऱ्याच्या दारापाशी कुठे थांबवायचा, हे डॉक्टर व्लादानच्या कुठल्याच खंडात लिहिलेलं नाही. आपण साथीच्या दिवसांत काय काय मुकाट्याने मान्य केलं आणि त्यातलं किती परत मागून घेतलं, हे तुमच्यापैकी प्रत्येकाने आपापलं आठवावं.

उरलेलं थोडक्यात. पहिल्या महायुद्धानंतर सर्बिया युगोस्लाव्हियात विरघळला. पाशिच त्या नव्या राज्याचा पंतप्रधान झाला आणि १९२६ मध्ये वारला. व्लादान त्यानंतरही चार वर्षं जगला. ज्या व्हिएन्नात शिकला, ज्या व्हिएन्नाच्या राजकारणाकडे तो पंतप्रधान असताना झुकलेला होता, जिच्या सैन्याने १९१४ मध्ये त्याचं बेलग्रेड तोफांनी फोडलं, तिच्याच शेजारी, बाडन या उष्ण झऱ्यांच्या गावी, १९३० च्या ऑगस्टअखेर, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी त्याने देह ठेवला.